काकींच्या मशीनवरचा तास

विद्या फुकट मिळाली असं आपण सहज म्हणून जातो. त्यातून घेणाऱ्याने पैसे मोजले नाहीत एवढंच कळतं. देणाऱ्याचं काय गेलं ते कळत नाही. मी शिवण शिकले ते लालबागच्या एका चाळीत, शेजारच्या काकींकडे. काकी एका दुकानासाठी नगावर परकर शिवत. घरात मशीन एकच. मी त्यावर बसायचं म्हणजे काकींनी उठायचं, आणि काकी उठल्या की तेवढे परकर कमी. माझ्या शिकण्याचा भाव असा रोज परकरांत मोजता येत होता. तो आमच्या मजल्यावर सगळ्यांना ठाऊक होता आणि काकींना तर होताच.

साल १९८२. १८ जानेवारीला मुंबईच्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. साठाहून अधिक गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार. काका साचाखात्यात होते, म्हणजे मागावर. पगार थांबला तसा त्या घराचा सगळा भार काकींच्या मशीनवर आला. मशीन काळं, उषाचं, पायाने चालवायचं; संपाच्या काही वर्षं आधी दिवाळीच्या बोनसमधून घेतलेलं. घेताना ते घरच्यांचे कपडे शिवण्यासाठी होतं. आता त्यावर दुकानाचे परकर शिवून किराणा यायचा. माझे वडील बेस्टमध्ये कंडक्टर, त्यामुळे आमच्याकडे महिन्याच्या महिन्याला पगार येत होता. एका भिंतीपलीकडे संप होता आणि अलीकडे नव्हता. भिंतीपलीकडच्या घराने अलीकडच्या घराला काहीतरी दिलं, म्हणून हा फरक आधीच सांगून ठेवते.

मार्चमध्ये माझी दहावीची परीक्षा झाली आणि आईने माझ्या शिवण शिकण्याचा विषय काढला. ती फी ठरवायला गेली, तर काकी म्हणाल्या, "फी-बी काय नको. येताना दोऱ्याचं रीळ आणत जाऊ दे. पण चांगलं. स्वस्तातलं आणलं तर परत पाठवीन." साताऱ्याकडच्या त्या, बोलणं तुटक आणि अर्थ पक्का. पहिला धडा त्या अटीतच होता. स्वस्त दोरा उजेडात धरला की त्याच्यावरची लव आणि मध्येच येणारी जाड गाठ दिसते. ती गाठ दोऱ्याचा ताण राखणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांत अडते, सुईच्या नाकात अडते, दोरा तुटतो आणि नवशिकी मशीनला दोष देते. काकींचा आणखी एक दंडक होता: वर जो दोरा, तोच बॉबिनला. वर जाड आणि खाली बारीक दोरा घेतला की टीप कधीच सारखी बसत नाही.

सुरुवातीला मला कापड मिळालं नाही आणि दोराही नाही. जुन्या वहीचे रेघी कागद घ्यायचे आणि रिकाम्या सुईने रेघेवरून टीप मारायची. त्यासाठी एक बोथट सुई वेगळी ठेवलेली होती, कारण कागदाने सुईची धार जाते. "आधी पाय शिक, हाताचं मग बघू," असं काकी म्हणायच्या. पायाने चालवायच्या मशीनची मेख तिथेच असते. वरच्या चाकाला उजव्या हाताने आपल्या दिशेने गती द्यायची आणि मग पायडल चालू ठेवायचं. एक पाऊल थोडं पुढे, दुसरं थोडं मागे ठेवलं की टाच आणि चवडा आळीपाळीने दाब देतात आणि चाक उलटं फिरत नाही. उलटं फिरलं तर दोरा तुटलाच. थांबायचं असलं की तळवा चाकावर टेकवायचा. रेघा सरळ यायला लागल्यावर चौकोन काढायचा: कोपऱ्यावर सुई आत रुतलेली ठेवायची, कापड दाबून धरणारा फूट उचलायचा, कागद फिरवायचा, फूट खाली. त्यानंतर गोल. गोल नीट येईपर्यंत दोरा ओवायचा नाही.

दोरा ओवताना फूट वर असायला हवा, हे त्यांनी आधी सांगितलं आणि कारण नंतर. फूट वर असला की टेन्शनच्या चकत्या सैल होतात आणि दोरा त्यांच्या मधोमध जाऊन बसतो. फूट खाली ठेवून ओवलं तर दोरा चकत्यांच्या काठावरच राहतो. वरून सगळं ठीक दिसतं आणि खाली गुंता होतो. शिवण सुरू करताना आणि संपवताना दोरा ओढणारा दांडा सगळ्यात वर आणायचा, नाहीतर पहिल्याच टाक्याला दोरा सुईतून निसटतो. वरचा आणि खालचा असे दोन्ही दोरे चार बोटं लांब काढून फुटाच्या मागे घ्यायचे आणि पहिले दोन-तीन टाके होईपर्यंत बोटाने धरून ठेवायचे. एवढं केलं की सुरुवातीचा गुंता होत नाही. आज घरोघरी विजेची मशीनं आली, पण हे तिन्ही नियम तसेच लागू पडतात.

सुई बसवण्याचंही त्यांचं एक वाक्य होतं: "लांब खाच जिकडं, दोरा तिकडून." घरगुती मशीनच्या सुईला वरच्या बाजूला एक सपाट अंग असतं आणि त्याच्या विरुद्ध अंगाला टोकापर्यंत गेलेली खाच. दोरा खाचेच्या बाजूने ओवायचा. सुई जाईल तितकी वर सरकवून मगच स्क्रू आवळायचा. सुई उलटी किंवा अर्धवट बसली की टाके सुटतात, आणि नव्वद टक्के वेळा मशीन बिघडलं म्हणून जे सांगितलं जातं ते एवढंच असतं, असं काकी म्हणायच्या. टक्का त्यांचा, पण अनुभव माझाही तसाच. सुईचे नंबर त्यांनी कापडं हातात देऊन पाठ करून घेतले. मलमल, वॉयलला ११. पॉपलीन, मांजरपाटाला १४. खाकी ड्रिल, जीनसारख्या जाड कापडाला १६, आणि कॅनव्हासची पिशवी असेल तर १८. कापडात शिरताना सुईचा 'टक टक' आवाज यायला लागला की ती बोथट झाली. एका सुईचा लोभ धरून चांगल्या कापडाचे धागे ओढू नयेत.

आमच्या शिकवणीत काका मध्येच बोलायचे. संप सुरू झाल्यापासून ते दिवसा घरात असायचे, आणि दिवसा घरात बसण्याची सवय नसलेला माणूस कुठे ना कुठे हात घालतोच. कापडाविषयी मात्र त्यांच्याइतकं नेमकं मला कुणी सांगितलं नाही. मांजरपाटाचा तुकडा घेऊन ते किनारीच्या दिशेने ताणायचे: हलत नाही. मग आडवा ताणायचे: जरासा देतो. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, उरेब ताणायचे: चांगला लांबतो. मागावर उभे धागे आधीच ताणून बांधलेले असतात, धोट्याबरोबर आडवा धागा त्यांच्यातून ये-जा करतो. म्हणून उभा धागा ताठ आणि आडवा त्याहून थोडा सैल. परकर, सदरा, झबलं, काहीही बेतताना लांबी उभ्या धाग्यावर घ्यायची ती याच कारणाने. आडव्यावर बेतलेला कपडा अंगावर ओघळतो. गळ्याची पट्टी मात्र उरेब कापायची, कारण तिला वळायचं असतं. नवं सुती कापड आधी पाण्यातून काढून वाळवायचं आणि मगच कात्री लावायची, हेही काकांनीच सांगितलं. कांजी धुऊन गेली की कापड किती आटतं ते त्यांनी गिरणीत पाहिलेलं होतं.

एकदा त्यांनी बॉबिनची डबी तळहातावर घेऊन निरखली आणि म्हणाले, "हा आमचाच धोटा की गं." तेव्हा मला ते कौतुकाचं बोलणं वाटलं. पुढे वाचनात आलं की त्यात तथ्य होतं. ज्या अमेरिकन माणसाने १८४६ साली दोन दोऱ्यांच्या टाक्याचं पेटंट घेतलं, तो इलायस हाव लहानपणी लॉवेल या गिरण्यांच्या गावात कापडगिरणीची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात उमेदवारी करत होता. त्याच्या यंत्रात सुईचं नाक टोकाजवळ होतं आणि खाली धोटा होता: वरचा दोरा कापडाखाली फासा करतो, खालचा दोरा त्या फाशातून जातो आणि दोघे कापडाच्या पोटात अडकतात. आपल्या मशीनची टीप अजून तशीच बनते. काकांचा माग बंद होता, पण त्याच्याच एका भागावर त्यांचं घर चाललेलं होतं.

दोन दोरे कापडाच्या पोटात अडकतात, एवढं ध्यानात राहिलं की टेन्शनचं अर्धं भय जातं. काकी परीक्षेसाठी वर लाल आणि खाली पांढरा दोरा लावायला सांगत. कापडाच्या उलट्या बाजूला लाल फासे दिसले तर वरचा दोरा सैल आहे. सुलट्या बाजूला पांढरे ठिपके दिसले तर वरचा जास्त घट्ट. नवशिक्या मुली खाली गुंता दिसला की खालची डबी उघडून बसतात. "गुंता खाली, खोट वर," असं काकी म्हणायच्या, आणि ते बहुतेक वेळा खरं निघतं. खालच्या टेन्शनची परीक्षा वेगळी: बॉबिन डबीत घालून दोऱ्याच्या टोकाला डबी लोंबती सोडायची. आपोआप घसरत खाली आली तर सैल. हिसका देऊनही जागची हलली नाही तर घट्ट. हलक्या हिसक्याला बोटभर उतरून थांबली तर ठीक. डबीचा तो बारीक स्क्रू पाव फेऱ्याहून जास्त कधी फिरवायचा नाही. आणि मशीन अडलं की तपासण्याचा क्रम ठरलेला: आधी दोरा काढून पुन्हा ओव, मग सुई बघ, मग कापड सरकवणाऱ्या दात्यांखाली आणि डबीत साठलेली लव झाड, मग बॉबिन सारखी भरली आहे का बघ. टेन्शनला हात सगळ्यांत शेवटी.

त्यांची एक शिकवण मी पुढे फार कमी ठिकाणी ऐकली. परकराच्या कळ्या, म्हणजे खाली रुंद होत जाणारे तुकडे, जोडताना एक बाजू सरळ असते आणि दुसरी तिरकी, म्हणजे उरेब. दोन्ही सारख्या मापाने कापल्या तरी शिवून झाल्यावर एक टोक पुढे येतं. काकी सांगायच्या, ताणणारी बाजू खाली ठेव. कारण खालच्या कापडाला दाते ओढून नेतात आणि वरचं कापड फुटाखाली घासत मागे राहतं. खालचं थोडं जास्त खपतं. म्हणून जे कापड लांब किंवा ताणणारं असेल ते खाली घातलं की दोन्ही टोकं बरोबरीने संपतात. त्यातच दुसरी सूचना होती: कापड मागून ओढायचं नाही. चालवायचं काम दात्यांचं, हातांनी फक्त वाट दाखवायची. ओढलं की सुई वाकते, खालच्या पत्र्यावर आपटते आणि मोडते.

रोज मशीन सोडताना माझं एक काम ठरलेलं होतं: ब्रशने लव काढणं, आणि आठवड्यातून एकदा प्रत्येक भोकात थेंबभर मशीनचं तेल सोडून, चाक फिरवून, चिंधीवर चार टिपा मारणं, म्हणजे उतू गेलेलं तेल चिंधीवर येतं. खोबरेल तेल घालायचं नाही. ते घट्ट होऊन मशीन जाम करतं. पावसाळ्यात चाकावरचा चामड्याचा पट्टा सैल पडतो, तो अर्धं बोट कापून पुन्हा तारेने जोडायचा. ही देखभाल मला काम म्हणून सांगितलेली होती, पण तीही शिकवणीतच धरली पाहिजे.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या तसे युनिफॉर्म आले. काकींनी खाकी चड्ड्यांच्या सरळ टिपा माझ्याकडे दिल्या, खिसे आणि पट्टा स्वतःकडे ठेवला, आणि नगामागे माझा वाटा काढून हातावर ठेवला. मी घेत नव्हते, तर म्हणाल्या, "कामाचं आहे. शिकायचं फुकट, काम फुकट न्हाई." मजल्यावरच्या एकीने तेव्हा त्यांना बजावलं होतं की ही पोरगी उद्या तुमचीच गिऱ्हाइकं नेईल. काकींचं उत्तर अख्ख्या मजल्याने ऐकलं: "नेऊ दे की. तिला चांगलं जमलं तरच नेईल. वाईट जमलं तर उसवायला माझ्याकडंच येतील."

बजावणारी बाई काही वाकडी नव्हती. आमच्या भागात खाणावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांच्या अन्नपूर्णा महिला मंडळाने १९७५पासून एकत्र आणलं होतं. आमच्या चाळीत शिवणाऱ्या बायका मात्र एकेकट्या होत्या. दुकानदार एक, काम ठरावीक, आणि संपामुळे शिवायला बसलेले हात वाढलेले. अशा वेळी आपलं कसब कुणाला दाखवणं म्हणजे आपल्या कामात वाटेकरी आणणं. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनासारख्या संस्थांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बायकांना शिवण शिकवलं, त्यामागे संस्था होती, वर्गणी होती. गांधीजींनीही १९२४ साली यंत्रांविषयी बोलताना सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद ठरवलं होतं. पण यंत्र कितीही भलं असलं तरी एका घरात एकच असतं, आणि ते दुसऱ्याच्या मुलीसाठी तासभर रिकामं करायचं की नाही, हे ज्याच्या घरात संध्याकाळी चूल पेटायची आहे त्याने ठरवायचं असतं.

वडिलांनी पुढे माझ्यासाठी जुनं मशीन विकत घेतलं. तेव्हा काकींनी आपल्या गिऱ्हाइकांची वाटणी केली: फॉल, अभ्रे आणि परकर माझ्याकडे, ब्लाउज त्यांच्याकडे. ब्लाउजला पैसे जास्त, त्यामुळे ती वाटणी मला रास्तच वाटली होती. मग एक दिवस त्यांनी ब्लाउजही शिकवायला घेतला. नीट बसणारा जुना ब्लाउज उलटा करून त्यावरून मापं घ्यायची. अस्तर आधी धुवायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि वरचं कापड फुगतं. मुंढ्याची गोलाई पुढे जास्त खोल, मागे कमी. म्हणून बाहीच्या पुढच्या बाजूला खडूची खूण करून ठेवायची, म्हणजे उजवी-डावी बदलत नाही. कडेला दीड इंच माया सोडायची. गळ्याच्या गोलाईला मायेत छोटे काप द्यायचे, पण टिपेच्या अलीकडे थांबायचं. आधी मोठ्या टाक्यांची कच्ची टीप मारून अंगावर बघायचं, बरोबर बसला तर इंचाला दहा-बारा टाक्यांची पक्की टीप. आणि प्रत्येक शिवण उलगडून तिच्यावर इस्त्री फिरवल्याशिवाय पुढच्या शिवणीला हात लावायचा नाही. घरी शिवलेला आणि शिंप्याने शिवलेला यातला डोळ्यांना दिसणारा फरक बहुतेक त्या इस्त्रीचा असतो. उसवायची वेळ आलीच तर एका बाजूने दर चौथा-पाचवा टाका ब्लेडने कापायचा आणि दुसऱ्या बाजूचा दोरा अलगद ओढायचा. कापडाला ओरखडा येत नाही. हे सगळं त्या घरातलं शेवटचं राखीव धन होतं आणि तेही त्यांनी माझ्यापुढे मांडलं.

तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. काकांना मागावर परत घेतलं नाही. काही वर्षांनी दोघं मशीन घेऊन साताऱ्याकडे गावी गेली. काकी आता नाहीत. माझं शिवण चालू राहिलं. मुलांची शिक्षणं त्यातून झाली, आणि आता रविवारी चार मुली घरी शिकायला येतात. पहिल्याच दिवशी ब्लाउज शिवायचा असतो त्यांना. मी त्यांच्या हातात रेघी कागद देते. त्यानंतर उशीचा अभ्रा, मग पिशवी, मग परकर.

लोक म्हणतात, शिकलेलं पुढे शिकवलं की ऋण फिटतं. मला ते पटत नाही. मी शिकवते तेव्हा माझं काही जात नाही. माझ्याकडे दोन मशीनं आहेत, महिन्याला घरात पैसे येतात, आणि या मुलींपैकी कुणी माझं गिऱ्हाईक नेलं तर मला हायसंच वाटेल. काकींनी दिलं ते टंचाईतून दिलं, आणि ज्या घरात टंचाई नव्हती त्या घरातल्या मुलीला दिलं. माझं देणं त्या देण्याच्या तोलाचं होऊच शकत नाही. माझ्या हातात एवढंच आहे की ही विद्या कुणाच्या खर्चाने आली ते लपवायचं नाही. म्हणून वर लिहिलेल्या सूचनांपैकी एखादी उद्या तुमच्या कामी आली, कळीची तिरकी बाजू तुम्ही खाली घातलीत आणि दोन्ही टोकं बरोबरीने संपली, तर ती सूचना माझी समजू नका. तिचे पैसे एका संपकरी घराने न शिवलेल्या परकरांत आधीच भरलेले आहेत.